घास अडकतो, पण थायरॉईडचा रिपोर्ट नॉर्मल आहे

प्रश्न : माझे वय ४७ असून मी यावल तालुक्यातील एका खेड्यात राहते. थायरॉईड कमी असल्यामुळे सहा वर्षांपासून रोज ७५ मायक्रोग्रॅमची गोळी घेते. गेल्या चार-पाच महिन्यांपासून भाकरीचा घास गळ्याच्या खालच्या भागात अडकतो आणि वरून पाणी प्यायल्याशिवाय उतरत नाही. पाणी, चहा, ताक यांचा त्रास नाही. गळा समोरून थोडा भरल्यासारखा दिसतो. महिन्यापूर्वी टीएसएच तपासले, ते ३.१ आले, हिमोग्लोबिन मात्र ८.४ आहे. वजन चार किलो कमी झाले आहे. दिवसातून दोन-तीन वेळा मिश्री लावते. नणंदबाई म्हणतात की थायरॉईडच वाढला असेल, गोळी शंभरची कर. मेडिकलवाल्याने ॲसिडिटीच्या गोळ्या दिल्या, त्यांचा उपयोग झाला नाही. तालुक्याच्या डॉक्टरांनी दुर्बिणीची तपासणी करायला सांगितली आहे, पण तिची फार भीती वाटते. काय करावे?

उत्तर : ताई, आधी थेट उत्तर देतो. गोळी स्वतःहून वाढवू नका, आणि दुर्बिणीची तपासणी पुढे ढकलू नका. ती शक्यतो येत्या दोन आठवड्यांत करून घ्या. या दोन्ही गोष्टी का सांगतो आहे ते आता सविस्तर लिहितो, कारण कारण समजल्याशिवाय भीती कमी होत नाही.

तुमच्या घरात सगळ्यांनी टीएसएचच्या आकड्याभोवतीच विचार केलेला दिसतो. टीएसएच हा आकडा थायरॉईड ग्रंथीचे काम शरीराच्या गरजेइतके होते आहे का, एवढेच सांगतो. ग्रंथी आकाराने किती मोठी आहे, तिच्यात गाठ आहे का, ती गाठ मागे किंवा छातीच्या हाडाखाली उतरली आहे का, यांपैकी काहीही त्या आकड्यातून कळत नाही. मोठा गलगंड असूनही टीएसएच अगदी नॉर्मल असलेले कितीतरी रुग्ण असतात. उलट, ३.१ हा आकडा तुमची सध्याची गोळी पुरेशी आहे असे दाखवतो, आणि अशा वेळी डोस वाढवला तर घास उतरणार नाहीच, पण छातीत धडधड, झोप न लागणे, हातांची थरथर आणि वजन आणखी घटणे हे मात्र सुरू होऊ शकेल. चाळिशीनंतरच्या स्त्रीत असा जास्तीचा डोस दीर्घकाळ चालू राहिला तर हाडेही ठिसूळ होतात आणि हृदयाचे ठोके अनियमित होऊ शकतात. नणंदबाईंचा हेतू चांगला असला तरी हा सल्ला मानू नका.

मग थायरॉईडचा गिळण्याशी काही संबंधच नाही का? आहे. ही ग्रंथी कंठमण्याच्या खाली, श्वासनलिकेच्या समोर आणि दोन्ही बाजूंना बसलेली असते. श्वासनलिकेच्या मागे अन्ननलिका असते. श्वासनलिकेला कूर्चेच्या कड्यांचा आधार आहे, अन्ननलिका मात्र मऊ स्नायूंची आहे आणि गळ्याच्या तळाशी ती किंचित डावीकडे झुकलेली असते. त्यामुळे ग्रंथीचा डावा भाग वाढून मागे सरकला, किंवा गलगंड छातीच्या हाडामागे उतरला, की अन्ननलिकेवर दाब येऊ शकतो. मात्र त्यासाठी ग्रंथी बरीच वाढलेली असावी लागते. बाहेरून जेमतेम ‘भरल्यासारखी’ दिसणारी ग्रंथी भाकरीचा घास अडवील, ही शक्यता कमी आहे, आणि म्हणूनच गळा भरलेला दिसतो म्हणून कारण सापडले असे समजून थांबणे मला धोक्याचे वाटते.

घरी एक गोष्ट पाहता येईल. आरशासमोर उभे राहून हनुवटी थोडी वर करा, पाण्याचा एक घोट घ्या आणि गिळताना गळ्याच्या खालच्या भागाकडे पाहा. थायरॉईडची सूज किंवा गाठ गिळताना वर सरकते आणि परत खाली येते; लसिकाग्रंथीची गाठ सहसा तशी हलत नाही. गाठ दिसली तर ती टणक आहे का, अलीकडे भराभर वाढली का आणि आवाज बसला आहे का, हे डॉक्टरांना आवर्जून सांगा. दोन्ही हात कानाला लावून वर धरल्यावर मिनिटभरात चेहरा लालबुंद होत असेल किंवा दम लागत असेल, तर गलगंड छातीत उतरल्याची शंका येते. ही चाचणी मात्र डॉक्टरांसमोरच करावी. गळ्याची सोनोग्राफी करून घ्या. ती सोपी आणि वेदनारहित असते. गाठ संशयास्पद वाटली तर बारीक सुईने त्यातील पेशी काढून तपासतात.

थायरॉईडमुळे गिळण्याचा त्रास होण्याचे आणखी काही मार्ग आहेत, ते थोडक्यात सांगतो. ग्रंथीला दुखरी सूज आली तर गिळताना वेदना कानापर्यंत जाते आणि सोबत ताप असतो. हार्मोन फार कमी असेल तर अन्ननलिकेची हालचाल मंदावू शकते, आणि फार वाढले तर गिळण्याचे स्नायू दुर्बळ होऊ शकतात. तुमचा टीएसएच योग्य असल्याने आणि दुखणे नसल्याने यांपैकी काहीही तुमच्या वर्णनाशी जुळत नाही.

आता तुमच्याच पत्रातील त्या तीन गोष्टींकडे वळतो, ज्या तुम्ही ओझरत्या लिहिल्या आहेत आणि मला सर्वांत महत्त्वाच्या वाटतात : हिमोग्लोबिन ८.४, घटलेले वजन आणि मिश्री.

शरीरातील लोह दीर्घकाळ कमी राहिले तर काही जणींच्या, विशेषतः चाळिशीच्या आसपासच्या स्त्रियांच्या, अन्ननलिकेच्या अगदी वरच्या टोकाला आतून एक पातळ पडदा तयार होतो. तो पूर्ण वाट अडवत नाही, पण वाट अरुंद करतो. म्हणून पाणी आणि ताक सहज जाते, भाकरीचा कोरडा घास मात्र तिथे थबकतो. तुमचे वर्णन नेमके असेच आहे. अशा रुग्णाच्या ओठांच्या कडा चिरलेल्या असतात, जीभ गुळगुळीत व लालसर होते आणि तिखट झोंबते, नखे ठिसूळ होऊन चमच्यासारखी खोलगट होतात. तुमची नखे आणि जीभ आज उजेडात नीट पाहा. अमेरिकेतील हेन्री प्लमर या डॉक्टरांचे नाव या आजाराला मिळालेले आहे, आणि योगायोग असा की थायरॉईडच्या गाठींवरील कामासाठीही वैद्यकशास्त्र त्यांनाच ओळखते. तुमच्या बाबतीतही या दोन गोष्टींचा दूरचा संबंध असू शकतो, कारण थायरॉईड कमी असताना मासिक पाळीत रक्तस्राव जास्त होतो, त्यातून लोह घटते आणि लोहाच्या कमतरतेतून हा पडदा. म्हणजे नणंदबाईंनी ज्या थायरॉईडवर बोट ठेवले तो या साखळीच्या सुरुवातीला असूही शकेल. तरी उपाय त्याची गोळी वाढवणे हा नाही.

पाळीत अंगावरून किती जाते हे तुम्ही लिहिलेले नाही. डॉक्टरांना ते संकोच न करता सांगा. पाळी जास्त जात नसेल तर जठरातून किंवा आतड्यातून नकळत रक्त जाते आहे का, हे शोधावे लागते. या वयात हिमोग्लोबिन ८.४ असणे हे ‘बायकांचे कमीच असते’ म्हणून सोडून देण्यासारखे नाही. आपल्याकडे ते वाक्य फार सहज बोलले जाते.

वजनाबद्दल तुम्ही काही कारण लिहिलेले नाही, पण मला ते खटकते. थायरॉईड कमी असलेल्या स्त्रीचे वजन सहसा वाढते. गोळी योग्य असताना, प्रयत्न न करता ते चार किलोने उतरले असेल तर त्याचे कारण शोधायलाच हवे. एक शक्यता अशी की तुमचे खाणेच कमी झाले आहे. गिळण्याचा त्रास असलेली माणसे तक्रार करण्यापूर्वी आपले ताट बदलतात, आणि हा बदल त्यांच्या स्वतःच्याही लक्षात येत नाही. कळण्याची भाकरी कोरडी खाणारी बाई ती आधी वांग्याच्या भाजीशी, मग शेवभाजीच्या रश्श्यात कुस्करून खाऊ लागते, पुढे भाकरी सोडून खिचडी-कढीवर येते, आणि विचारले तर ‘आता त्रास कमी आहे’ असे सांगते. त्रास कमी झालेला नसतो, घास मऊ झालेला असतो. चार महिन्यांपूर्वी तुम्ही काय खात होता आणि आज काय खाता, हे घरातील कोणाला तरी विचारून लिहून काढा. प्रथम फक्त कोरडे पदार्थ, मग मऊ पदार्थ आणि शेवटी पातळ पदार्थही अडकू लागणे हा क्रम असेल तर अन्ननलिकेची वाट हळूहळू अरुंद होते आहे, असा त्याचा अर्थ होतो.

त्या क्रमाच्या मागे जे कारण असू शकते त्याचे नाव टाळत नाही. अन्ननलिकेचा कर्करोग असाच सुरू होतो. तुम्हाला तो झाला आहे असे मी म्हणत नाही, आणि पत्रावरून तसे म्हणणे शक्यही नाही. परंतु तंबाखू हे त्याच्या मुख्य कारणांपैकी एक आहे, आणि मिश्री म्हणजे भाजून कुटलेली तंबाखूच आहे. दात घासण्याच्या निमित्ताने लावली म्हणून ती औषध होत नाही. मिश्रीची लाळ थोडीफार गिळली जातेच, त्यामुळे तोंड, घसा आणि अन्ननलिका या सगळ्यांचा तिच्याशी संबंध येतो. वर सांगितलेला लोहाच्या कमतरतेचा पडदा हाही पुढे कर्करोगाचा धोका वाढवणारा मानला जातो, म्हणून तपासणीत पडदाच आढळला तरी पुढे नियमित तपासणी लागते. मिश्रीची डबी आजपासून बंद करा. सुरुवातीचे काही दिवस डोके दुखेल, चिडचिड होईल, सकाळी पोट साफ होणार नाही. हे सगळे ओसरते. तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ या राष्ट्रीय क्रमांकावर मोफत मार्गदर्शन मिळते.

तुमच्या घरात कोणी गुटखा किंवा सुपारी खात असेल तर त्यांच्यासाठीही येथेच एक गोष्ट लिहितो. सुपारीमुळे तोंडाच्या आतील अस्तर कडक होते, तिखट सहन होत नाही, आणि पुढे तोंड पुरेसे उघडत नाही. स्वतःची तीन बोटे उभी धरून तोंडात जात नसतील तर दंतवैद्यांना दाखवावे. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी तो मिळतो हे आपण सर्व जाणतो.

इतर कारणे तुमच्याशी कमी जुळतात, म्हणून त्यांवर फार रेंगाळत नाही. जुन्या आम्लपित्तामुळे अन्ननलिकेचे खालचे टोक आकसू शकते. त्यात बहुधा वर्षानुवर्षे छातीत जळजळ असते. घन आणि पातळ दोन्ही पदार्थ पहिल्यापासूनच अडकत असतील आणि रात्री झोपेत न पचलेले अन्न तोंडात येत असेल, तर अन्ननलिकेच्या खालच्या तोंडाची झडप सैल न होण्याचा आजार असतो. तुम्हाला पाणी सहज जाते, म्हणून तो मागे पडतो. गिळण्याच्या सुरुवातीलाच ठसका लागणे किंवा पाणी नाकातून येणे हे घशाच्या स्नायूंचे किंवा मज्जासंस्थेचे दुखणे सुचवते. संध्याकाळी पापण्या जड होणे आणि जेवणाच्या शेवटी घास चावताना थकवा येणे हे त्यातील एका आजाराचे लक्षण आहे, जो थायरॉईडच्या रुग्णांत इतरांपेक्षा अधिक आढळतो. काही गोळ्या, उदाहरणार्थ डॉक्सिसायक्लिन किंवा वेदनाशामक, अपुऱ्या पाण्याबरोबर घेऊन लगेच आडवे झाल्यास अन्ननलिकेला जखम करतात. आणि शेवटी, जेवताना काहीही अडकत नाही, पण एरवी मात्र गळ्यात गोळा आल्यासारखे वाटते, अशीही तक्रार असते. ती बहुधा ताण किंवा आम्लपित्ताशी निगडित असते आणि धोकादायक नसते. तुमचे उलट आहे : जेवताना त्रास, एरवी नाही. म्हणूनच ‘मनाचे आहे’ असे तुम्हाला कोणी म्हणाले तर ते मानू नका.

घास अडकतो ती जागा आणि दुखण्याची जागा एकच असेल असेही नाही. अन्ननलिका सुमारे २५ सेंटीमीटर लांब असते आणि तिच्या खालच्या टोकाचा अडथळाही रुग्णाला गळ्याशीच जाणवू शकतो. गळ्यावर बोट ठेवून ‘इथे’ असे सांगणाऱ्या रुग्णाची संपूर्ण नळी पाहणे म्हणूनच आवश्यक असते, आणि हे काम गळ्याच्या सोनोग्राफीने होत नाही.

दुर्बिणीविषयी. आदल्या रात्री हलके जेवून सहा ते आठ तास पोट रिकामे ठेवायला सांगतात. घशात कडवट औषधाचा फवारा मारतात, त्याने घसा बधिर होतो आणि गिळताना जाड झाल्यासारखे वाटते. ते तासाभरात जाते. डाव्या कुशीवर झोपवून दातांमध्ये प्लॅस्टिकची कडी ठेवतात आणि करंगळीपेक्षा थोडी बारीक, लवचिक नळी आत सोडतात. ती श्वासनलिकेत जात नाही, त्यामुळे श्वास अडत नाही. ओकारी येते, डोळ्यांतून पाणी येते, ही गैरसोय खरी आहे. नाकाने सावकाश श्वास घेत राहिले आणि लाळ गिळण्याऐवजी बाहेर वाहू दिली की ती बरीच कमी होते. तपासणी बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत संपते. संशयास्पद जागेचा बारीक तुकडा घेतात, तो घेताना दुखत नाही. पडदाच निघाला तर पुष्कळदा त्याच बैठकीत वाट रुंद करता येते आणि मग लोहाचा पुरवठा केला की घास पूर्ववत उतरू लागतो. गुंगीचे इंजेक्शन घेऊन करायची असेल तर सोबत कोणीतरी हवे आणि त्या दिवशी स्कूटी चालवायची नाही. रक्त पातळ करणारी किंवा मधुमेहाची गोळी चालू असेल तर ती आधी सांगावी.

यावलहून जळगावचे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय तुम्हाला जवळचे आहे. शिरपूर-धुळे बाजूच्या वाचकांसाठी धुळ्याचे भाऊसाहेब हिरे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. दुर्बिणीच्या तपासणीचा वार आधी चौकशी करून जा, म्हणजे फेरी वाया जाणार नाही. जाताना रेशनकार्ड आणि आधारकार्ड बरोबर ठेवा. पुढे शस्त्रक्रिया किंवा मोठे उपचार लागलेच तर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत ते बसतात का हे तेथील आरोग्यमित्र सांगतील.

तोपर्यंत जेवणाचे काय? घास लहान करा, ताठ बसून सावकाश चावून खा, भाकरी वरणात किंवा दुधात भिजवून घ्या, आणि चहा थोडा निवू द्या, कारण अतिशय कढत पेये नेहमी पिण्याने अन्ननलिकेला इजा होते. आपल्या केळीच्या पट्ट्यात अडकलेला घास वरून केळ्याचा मोठा तुकडा गिळून ढकलण्याची पद्धत आहे. ती करू नका, वर आणखी एक घास अडकतो. पडजीभ उचलणे, गळा चोळून ‘उतरवणे’ हेही नको. पाणीच काय, स्वतःची लाळही गिळता येईनाशी झाली, रक्ताची उलटी झाली किंवा श्वास घेताना घर्रघर्र आवाज येऊ लागला, तर तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा. गिळण्याचा त्रास एकाएकी सुरू होऊन बोलणे अडखळले किंवा तोंड वाकडे झाले तर तो पक्षाघात समजून लगेच १०८ ला फोन करावा. हे घरातील वृद्धांसाठीही लक्षात असू द्या.

मिठाबद्दल तुम्ही विचारलेले नाही, पण गलगंडाचा विषय आहे म्हणून सांगतो. अलीकडे खडे मीठ किंवा सैंधव चांगले म्हणून आयोडीनयुक्त मीठ बंद करणारी घरे मी पाहतो. प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे १५० मायक्रोग्रॅम आयोडीन लागते आणि ते आपल्याला मुख्यतः या मिठातूनच मिळते. ते चालू ठेवा. तुमची जुनी सूज त्याने ओसरेल अशी अपेक्षा मात्र ठेवू नका.

लोहाच्या गोळ्या डॉक्टर सुरू करतील तेव्हा एक घोटाळा हमखास होतो, म्हणून वेळापत्रक आताच ठरवा. थायरॉईडची गोळी सकाळी उठल्यावर रिकाम्या पोटी, साध्या पाण्याबरोबर घ्यावी आणि चहा त्यानंतर अर्धा ते एक तासाने प्यावा. लोहाची किंवा कॅल्शियमची गोळी तिच्यापासून किमान चार तास दूर असावी, अन्यथा थायरॉईडची गोळी नीट शोषली जात नाही, टीएसएच वाढते, आणि मग खरोखरच कोणीतरी तुमचा डोस शंभरवर नेईल. लोहाची गोळी दुपारी घेऊन जेवणात लिंबू ठेवणे तुम्हाला सोयीचे पडेल. तिच्या आगेमागे तासभर चहा नको. त्या गोळ्यांनी शौचाचा रंग काळा होतो, त्याला घाबरू नये. मात्र गोळ्या सुरू होण्यापूर्वीच तो डांबरासारखा काळा असेल तर ते डॉक्टरांना सांगावे. लोह सुरू केल्यावर सहा ते आठ आठवड्यांनी टीएसएच आणि हिमोग्लोबिन दोन्ही पुन्हा तपासा, आणि दुर्बिणीत तुकडा घेतला असेल तर त्याचा अहवाल कोणत्या दिवशी व कोणत्या खिडकीवर मिळेल हे तिथून निघतानाच विचारून घ्या.